राजगवत

फार जुनी गोष्ट आहे ही. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती मेंढरांची आणि गवताची गोष्ट म्हणून ऐकावी. मोठ्यांनी मात्र जरा सावरून बसावं. कारण ती एका शहाण्या माणसाची गोष्ट आहे, आणि ती गोड नाही.

त्या राज्यात नद्या उथळ होत्या आणि डोंगर बुटके. पण माळ असा अफाट होता, की सकाळी निघालेला कळप उन्हं कलली तरी त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचत नसे. माळावर पवना होता, मारवेल होता, शेडा होता, पायाखाली लोळणारी हरळी होती. पावसाळ्यात ही गवतं गुडघ्यापर्यंत वाढत, हिवाळ्यात सोनेरी होत आणि उन्हाळ्यात वाळून जमिनीला टेकत. वैशाखात माळाकडे पाहिलं तर वाटे, इथं आता काही जिवंत नाही. पण मुळं जिवंत असत.

माळाच्या कडेला धनगरांचं एक गाव होतं आणि त्या गावात धुळाबा राहत होता. गावात मेंढरं राखणारे पुष्कळ होते, पण गवत ओळखणारा एकच. धुळाबा माळावर पालथा झोपून गवताच्या बुडख्याशी नाक नेई, एक काडी तोडून चावे आणि सांगे, "हा उतार औंदा मोकळा सोडा. त्या टेकाडावर सोडा मेंढरं. इथलं गवत दमलंय." त्यानं बोट दाखवलं की सगळे कळप तिकडे वळत. का, असं कुणी विचारत नसे. त्याच्या बापाला आणि आज्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

त्याची बायको कोंडाई. ती मेंढीच्या दुधाची धार बघून सांगे, की मेंढी काल कुठं चरली. नवरा गवत ओळखत होता, बायको मेंढी ओळखत होती, आणि त्या दोघांच्या जिवावर गाव निर्धास्त होतं.

वर्षातून एकदा धुळाबा राजवाड्यावर जाई. माळाची खबर राजाला द्यायची, अशी जुनी रीत होती. तिथं त्याला दरबाराच्या दारात, जिथं लोक वहाणा काढतात, तिथं उभं राहायला सांगत. प्रधान आत बसल्या बसल्या विचारी, "काय, आहे ना गवत?" धुळाबा बोलायला तोंड उघडे, तोवर प्रधान दुसऱ्या कुणाशी बोलू लागलेला असे. मग एक शिपाई येऊन त्याच्या हातात नारळ देई. झालं. धुळाबा पुन्हा वाट चालू लागे.

घरी आल्यावर कोंडाई विचारी, "काय म्हणाले राजेसाहेब?"

"बरं म्हणाले," एवढंच तो सांगे. वहाणांच्या ढिगाशेजारी उभं राहून आपण आलो, हे त्यानं तिला वीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. पण ते त्याच्या मनात सलत होतं. साऱ्या राज्याची मेंढरं ज्याच्या बोटावर जगतात त्याला बसायला हातभर जागा नाही, हे त्याला विसरता येत नव्हतं.

पुढं लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला. माळ लवकर पिवळा पडला. मेंढरं हडकली, पण जगली. धुळाबानं तीन उतार राखून ठेवले होते, त्यावर गावानं दिवस काढले. राजाला मात्र चैन पडेना. त्याच्या गच्चीवरून सगळा माळ दिसे आणि तो पिवळा रंग त्याच्या डोळ्यांत खुपे. त्यातच पुढच्या वर्षी शेजारचा मोठा राजा पाहुणा म्हणून येणार होता. उजाड मुलूख त्याला कसा दाखवायचा?

अशात एक सौदागर आला. समुद्रापलीकडच्या, फार दूर दक्षिणेकडच्या मुलखातला. त्यानं राजाला हस्तिदंत दिला, रंगीत मणी दिले आणि कातड्याची एक छोटी पिशवी दिली. पिशवीत बी होतं, राजगिऱ्यापेक्षाही बारीक.

"आमच्याकडे उंच पठारं आहेत," सौदागर म्हणाला. "पाऊस तिथंही लहरी. पण हे गवत सहसा हटत नाही. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं. तुमचा माळ वाळतो तेव्हाही हे हिरवं राहील."

राजानं धुळाबाला बोलावणं धाडलं.

या वेळी शिपायानं त्याला दारात थांबवलं नाही. थेट आत नेलं. राजा म्हणाला, "बस, धुळाबा." खाली गालिचा होता. धुळाबा अंग चोरून बसला. समोर प्रधान होता, आणि पहिल्यांदाच प्रधानाचं आणि त्याचं डोकं एका उंचीवर आलं होतं.

राजानं बी त्याच्या तळहातावर ओतलं. धुळाबानं ते हुंगलं, दाताखाली धरलं आणि सौदागराला विचारलं, "तुमच्या मुलखात हे कोण खातं?"

सौदागर खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "आमच्याकडे शिंगांच्या जनावरांचे मोठाले कळप आहेत. गवत कोवळं असतं तोवर ते त्याचा फडशा पाडतात. तिथं ते शंभर गवतांतलं एक आहे. इथं ते काय करील, ते मला सांगता यायचं नाही. मी गवताचा जाणकार नाही, बाबा."

धुळाबा राजाकडे वळला. "महाराज, मला एक वर्ष द्या. अंगणात पेरतो. सगळे ऋतू बघतो. मेंढी काय म्हणते ते ऐकतो. मग सांगतो."

"म्हणजे याला ठाऊक नाही," प्रधान हसून म्हणाला. "वर्षभर हा मेंढीला विचारणार आहे."

दरबार हसला. धुळाबाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

राजा मात्र हसला नाही. "वर्ष नाही देता येणार," तो म्हणाला. "पावसाच्या आत पेरायचं आहे. चार महिने घे आणि मला येऊन सांग."

धुळाबानं मूठभर बी घरामागं पेरलं. कोंडाई रोज त्याला पाणी घाली. आठवडाभरात कोंब आले. महिन्या-दीड महिन्यात हिरवेगार झुपके झाले, त्यांची बारीक लांब पाती वाकून जमिनीला टेकत होती. दिसायला फार देखणं गवत! धुळाबानं एक मेंढी सोडली. तिनं ते मचामचा खाल्लं.

"मेंढीला आवडलं," धुळाबा म्हणाला.

"थांबा जरा," कोंडाई म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात झुपके कमरेएवढे झाले. राखाडी तुरे आले. पाती चिवट झाली, इतकी की धुळाबाला ती हातानं तुटेनात. तीच मेंढी पुन्हा सोडली. तिनं हुंगलं, एक घास घेतला, तोंडातून टाकून दिला आणि कुंपणाकडे जाऊन उभी राहिली. दोन दिवस उपाशी ठेवली तरी तिनं गवताला तोंड लावलं नाही. द्यायचंच असेल तर मारवेलाची सुकी काडी द्या, असं तिचं म्हणणं.

मग धुळाबानं झुपका खणून पाहिला. कुदळीचा दांडा संपला तरी मुळं संपली नाहीत. बुडाशी जुनी पाती वाळून कुरळी झाली होती. त्यातली मूठभर कोंडाईनं चुलीत घातली. भस्सकन एवढा जाळ उठला, की तिच्या कपाळावरचे केस करपले आणि वर टांगलेलं शिंकं पेटलं.

"हे गवत नव्हे," शिंक्यावर पाणी मारत ती म्हणाली. "तेल आहे तेल. असं माळभर उभं राहिलं तर काय होईल? राजेसाहेबांना सांगा जाऊन. मेंढीचं सांगा आणि जाळाचंही सांगा."

"सांगतो," धुळाबा म्हणाला. आणि सांगायचंच, असं ठरवूनच तो निघाला. वाटेत त्यानं शब्दही जुळवले होते.

दरबारात गेला तो काय, प्रधानाच्या शेजारी एक नवा पाट मांडलेला. पाटावर रेशमी गादी. राजा उठून पुढं आला. त्यानं आपल्या हातानं धुळाबाच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाला, "आजपासून तू आमचा कुरणाधिकारी. ही तुझी जागा. वीस वर्षं तुला दारात उभं केलं, ते आमचं चुकलं." मग त्याला बसवून राजानं विचारलं, "आता सांग. गवत कसं आहे?"

धुळाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं जे ऐकायला तो तळमळला, ते राजानं भरदरबारी म्हटलं होतं. त्यानं इकडे तिकडे पाहिलं. प्रधान गालातल्या गालात हसत होता, जणू त्याला ठाऊकच होतं की हा धनगर आता नाही म्हणणार आणि उठून पुन्हा वहाणांजवळ जाणार.

"चांगलं आहे, महाराज," धुळाबा म्हणाला. "मेंढ्या आवडीनं खातात."

ते खरं होतं. कोवळं असताना खात होत्याच.

घरी आला तेव्हा कोंडाई दारातच उभी होती. तिनं शालीकडे पाहिलंसुद्धा नाही. "सांगितलंत सगळं?"

"सांगितलं."

"जाळाचं?"

"सांगितलं म्हणतो ना!" तो खेकसला. हा माणूस गवताबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. तिनं विश्वास ठेवला.

पाऊस पडण्याआधी राजवाड्यापासून गावाच्या वेशीपर्यंत, माळाच्या मधोमध, राजाच्या माणसांनी रुंद पट्टा नांगरला आणि सौदागराकडून पोत्यांनी घेतलेलं ते बी पेरलं. माळ नांगरलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. म्हाताऱ्या मेंढपाळांचे चेहरे उतरले. पण धुळाबाचा जुना सोबती सिदबा म्हणाला, "धुळाबानं हो म्हटलंय ना? मग आपण काळजी करायचं कारण नाही."

पहिल्या वर्षी तर नवलच झालं. जुनी गवतं पिवळी पडली तेव्हा तो पट्टा हिरवाकंच होता. पाहुणा राजा गच्चीवर उभा राहून बघतच राहिला. लोकांनी त्या गवताला नाव दिलं राजगवत. धुळाबा दरबारात पाटावर बसला आणि प्रधान त्याच्याशी बोलला.

दुसऱ्या वर्षी सिदबा त्याच्या घरी आला. उंबऱ्यावर बसून तो म्हणाला, "धुळाबा, मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत रे. दूध आटलं माझं. आणि बघ," त्यानं खिशातून लोकरीचा पुंजका काढला, "लोकरीत सगळं तेच बी. मेंढरू जाईल तिथं सांडतंय. माझ्या राखणीच्या उतारावर दहा-बारा झुपके आलेत."

धुळाबानं पुंजका हातात घेतला. बोटांत फिरवला. सिदबाच्या डोळ्यांकडे न बघता तो म्हणाला, "सवय होईल मेंढरांना. नवं आहे अजून."

"तू म्हणतोस तर होईल," सिदबा म्हणाला आणि उठला.

कोंडाई आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुदळ घेऊन निघाली. सिदबाच्या उतारावर जाऊन तिनं एकेक झुपका खणायला सुरुवात केली. धुळाबा धावत मागं गेला.

"काय करतेस?"

"खणते. आज दहा आहेत. पट्टा सोडला तर सगळ्या माळावर मिळून दोनशे असतील. अहो, गाव बोलवा. दोन हातांचं काम नाही, पण शंभर हातांनी महिन्याभरात निभेल. पट्टाही खणून काढू. अजून आवाक्यात आहे."

"आणि राजाच्या माणसांनी पाहिलं तर? कुरणाधिकाऱ्याची बायको राजगवत उपटते म्हणून?"

कोंडाईनं कुदळ टेकवली. "तुम्ही तर त्यांना सगळं सांगितलंय ना? मग?"

धुळाबानं तिच्या हातातली कुदळ घेतली आणि गावाकडे चालू लागला. कोंडाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला तेव्हाच कळायला हवं होतं, असं ती पुढं जन्मभर म्हणत असे.

तिसऱ्या वर्षी दोनशेचे दोन लाख झाले. पाऊस संपताना धुळाबा एकदा एकटाच माळावर गेला आणि पालथा झोपून पवना शोधू लागला. बराच वेळ शोधल्यावर एका राजगवताच्या झुपक्याखाली त्याला चार पाती सापडली, पांढुरकी, उन्हाला मुकलेली. तो तिथंच बसला. आता बोललंच पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. पण चार दिवसांवर दरबारचा समारंभ होता. तो झाल्यावर बोलू, असं त्यानं ठरवलं. समारंभानंतर राजा शिकारीला गेला. तो परतल्यावर बोलू, असं ठरवलं. मग हिवाळा गेला. मग उन्हाळा आला. राजगवतही शेवटी गवतच. ते बुडापासून वाळत चाललं होतं आणि माणसाच्या छातीएवढं दाट उभं होतं.

वैशाखातल्या एका भर दुपारी माळावर आग लागली. कशानं लागली ते कधीच कळलं नाही.

आता आग काही त्या गावाला नवी नव्हती. दोन-तीन वर्षांतून एकदा माळ पेटेच. जुनं गवत आखूड असे, त्याची आग वीतभर उंचीनं सरपटत येई. गडी निर्गुडीचे ओले फाटे घेऊन तिच्यासमोर उभे राहत आणि झोडपून झोडपून तिला विझवत. पोरंसोरं तिच्यावरून उड्या मारत. त्या दिवशीही धूर दिसताच सिदबानं हाक दिली. सात गडी फाटे घेऊन त्याच्यामागं धावले. कळप मागं होते, ते वाचवायचे होते.

धुळाबा राजवाड्याहून परतत होता. त्यानं टेकाडावरून पाहिलं. आग दोन पुरुष उंच होती. ती घोड्याच्या वेगानं येत होती आणि तिच्यासमोर आठ माणसं हातात हिरवे फाटे घेऊन उभी होती.

"सिदबा!" तो ओरडला. "मागं या! ही ती आग नाही! मागं या!"

आगीचाच आवाज एवढा होता की त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना. तो पळत सुटला, पडला, उठला, पुन्हा पळाला. आठांतले पाच जण फाटे टाकून ओढ्यात उतरले. सिदबा आणि दोघं तरणे गडी उतरले नाहीत. त्यांना वाटलं, नेहमीची आग आहे, अजून दहा फटके मारले की बसेल.

तीनशेच्या वर मेंढरं गेली. ती आठ-पंधरा दिवस मोजत होते. माणसं मोजायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव ओढ्याच्या काठी जमलं. कुणी रडत नव्हतं, सगळ्यांचे डोळे धुरानं सुकले होते. सिदबाची बायको बयना उठून धुळाबासमोर आली. तिच्या हातात अर्धवट जळालेला निर्गुडीचा फाटा होता.

"भावजी," ती म्हणाली, "हे गवत असं जळतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

सारं गाव त्याच्याकडे बघत होतं. त्या डोळ्यांत राग नव्हता. त्यांना फक्त ऐकायचं होतं, की त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे मग ते सगळं एक संकट ठरलं असतं, आभाळातून कोसळलेलं, आणि रडता आलं असतं.

"नव्हतं, वहिनी," धुळाबा म्हणाला.

"होतं," मागून आवाज आला.

कोंडाई होती. "होतं," ती पुन्हा म्हणाली. "आमच्या चुलीत मूठभर घातलं होतं, तेव्हा शिंकं पेटलं होतं. मलाही ठाऊक होतं, बयना. मला वाटलं, यांनी राजाला सांगितलंय आणि राजानं ऐकलं नाही. तुम्हा कुणाला मीही सांगितलं नाही. यांनी सांगितलंच असेल, असं धरून बसले."

बयनानं हातातला फाटा हळूच जमिनीवर ठेवला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर धुळाबाला बरं वाटलं असतं.

महिना झाला नाही तोच काळ्याठिक्कर माळावर हिरवे कोंब दिसू लागले. पवना, मारवेल, शेडा यांची आधीच दमलेली मुळं त्या जाळात भाजून निघाली होती. वर येत होतं ते राजगवतच, पाण्याच्या थेंबावाचून, नुसत्या आपल्या खोल मुळांवर. राजानं ते गच्चीवरून पाहिलं आणि तो हरखून गेला. एवढ्या आगीनंतरही हिरवं! त्यानं धुळाबाला बोलावलं.

धुळाबा आला, पण पाटावर बसला नाही. उभा राहूनच तो म्हणाला, "महाराज, हे गवत माळाला गिळून टाकील. मेंढरं हे कोवळं असेतोवरच खातात. जून झालं की तोंडही लावत नाहीत. वाळलं की ते तेलासारखं पेटतं. दर आगीत जुनं गवत मरतं आणि हे वाढतं. सगळी माणसं लावा, महाराज, सैन्य लावा, पण हे खणून काढा. अजूनही..."

राजा गोंधळला. "पण तूच तर म्हणालास, चांगलं आहे. मेंढ्या आवडीनं खातात म्हणालास."

"अर्धंच सांगितलं होतं, महाराज."

"असं?" प्रधान पुढं सरसावला. "मग तेव्हा अर्धं सांगितलंत आणि आता पूर्ण सांगताय, हे कशावरून धरायचं? गावात तीन माणसं गेली. लोक तुमच्यावर चिडलेत. आता गवतावर ढकलताय का?"

धुळाबानं राजाकडे पाहिलं. राजा खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर क्षितिजापर्यंत हिरवं होतं. जो माणूस एकदा शब्द फिरवून बसला, त्याच्या बोलण्यापुढं ते डोळ्यांना दिसणारं हिरवं राजाला जास्त खरं वाटलं. तो दुष्ट राजा नव्हता. त्यानं धुळाबाला शिक्षा केली नाही. फक्त म्हणाला, "तू दमला आहेस. घरी जा, विश्रांती घे." आणि कुरणाधिकाऱ्याची जागा त्यानं प्रधानाच्या मेहुण्याला दिली, ज्यानं आयुष्यात कधी मेंढी राखली नव्हती.

त्या वर्षी पावसाआधीच गावानं तळ हलवला. उरलेली मेंढरं, भांडीकुंडी, घोंगड्या, सगळं तट्टांवर लादलं आणि लोक दुसऱ्या राज्याची वाट चालू लागले, जिथं म्हणे अजून मारवेल होता. निघण्याआधी त्यांनी मेंढरांची लोकर ओढ्यावर घासून घासून धुतली आणि त्यातलं एकेक बी वेचून जाळलं. हे कोंडाईनं सांगितलं होतं. गाव आता तिचं ऐकत होतं.

धुळाबा आपली घोंगडी खांद्यावर टाकून उभा राहिला, तेव्हा कोंडाई त्याच्याजवळ आली.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली.

"कोंडे, मी काय त्या गवताला मुद्दाम..."

"गवतावर माझा राग नाही. त्याला कुणी आणलं, कुणी पेरलं, ते वाढलं. त्याला काय ठाऊक, इथं मेंढरं आहेत का माणसं आहेत? तुम्हाला ठाऊक होतं." तिचा आवाज चढला नाही. "उद्या नव्या माळावर तुम्ही बोट दाखवाल आणि लोक विचारतील, का? तुम्ही सांगाल ते त्यांना खरं वाटणार नाही. मलाही नाही वाटणार. असल्या माणसाबरोबर मेंढरं राखता येत नाहीत."

ती वळली आणि तट्टाचा कासरा धरून चालू लागली. बयना तिच्या शेजारून चालत होती. धुळाबा धूळ बसेपर्यंत बघत राहिला.

मग तो कुदळ घेऊन माळावर गेला.

त्यानं एक झुपका खणायला घेतला आणि तो निघेपर्यंत अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दोन खणले. पावसाळ्यात त्या उकरलेल्या मातीत, जिथं एकेक झुपका होता, तिथं वीस-वीस कोंब आले. त्यानं तेही उपटले. असं त्यानं अकरा वर्षं केलं. कधीमधी वाटसरू थांबून विचारत, "म्हातारबा, हे कशाला?" तो सांगायला लागे, आणि वाटसरूंना वाटे, म्हातारा भ्रमलाय. एवढं सुंदर हिरवं गवत, आणि हा म्हणतो यानं माणसं मारली! ते हसून पुढं जात.

अकरा वर्षांत त्यानं एका खळ्याएवढी जागा मोकळी केली. तिथं पवना परत येईल अशी त्याला आशा होती. तो रोज तिथं पालथा झोपून नाक टेकवून बघे. पवना आला नाही. त्याचं बी देणारी एक काडीही आसपास उरली नव्हती. धुळाबा मेला त्या पावसाळ्यात तीही जागा राजगवतानं भरून गेली.

पुढं त्या राज्याच्या रांजणांत दूध उरलं नाही, अंगावर घालायला लोकर उरली नाही, आणि दर दोन-तीन उन्हाळ्यांनी आग राजवाड्याच्या पायथ्याशी येऊन थडकू लागली. राजाच्या नातवानं अखेर ती जागा सोडली. भिंती पडल्या. माळ मात्र अजून तिथंच आहे, कोसच्या कोस हिरवागार, वाऱ्यावर डोलणारा, आणि त्यावर एकही जनावर चरत नाही.

म्हणून म्हणतो: जाणत्यानं मानासाठी दडवलेल्या गोष्टीची शिक्षा आधी त्यांना होते, ज्यांना ती ठाऊकच नव्हती.